‘व्यक्ती’ कोणाला म्हणायचं? अमेरिकेतल्या सार्वमतांचा धडा

गावाकडे वारसनोंद करताना अधूनमधून एक प्रश्न येतो. कर्ता माणूस मृत्युपत्र न करता वारला आणि बायको गरोदर असली, तर पोटातल्या मुलाला वाटा मिळतो का? हिंदू उत्तराधिकार कायद्याचं (१९५६) कलम २० ‘हो’ म्हणतं, पण एका अटीवर. मूल पुढे जिवंत जन्मलं पाहिजे. तसं ते जन्मलं, की त्याचा हक्क बापाच्या मृत्यूच्या दिवसापासून धरला जातो. म्हणजे कायदा इथे जन्माची वाट पाहतो.

अमेरिकेतल्या काही राज्यांत अशी वाट पाहू नये, असा आग्रह धरला गेला. फलनाच्या क्षणापासूनच कायद्यातली ‘व्यक्ती’ सुरू होते असं लिहायचं का, हे थेट मतदारांना विचारण्यात आलं. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. कायद्यातले शब्द कुठून आले आणि कुठवर गेले, हे वाचत बसायची मला सवय आहे. त्या वाचनात या सार्वमतांइतकं बोलकं उदाहरण दुसरं सापडलं नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कायद्यातली ‘व्यक्ती’ म्हणजे माणूसच असं नाही. कंपनी ही व्यक्ती असते. देवळातली मूर्तीही आपल्या न्यायालयांनी व्यक्ती मानलेली आहे. म्हणून देवाच्या नावावर जमीन असते आणि देवाच्या वतीने दावाही लावता येतो. ज्याला हक्क असू शकतात तो कायद्याच्या लेखी व्यक्ती. गर्भात जीव आहे का, हा प्रश्न वेगळा. त्या जिवाला स्वतंत्र हक्कदार मानायचं का, हा वेगळा. साऱ्या वादात हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात.

अमेरिकेत १९७३ साली ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला. राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतल्या ‘व्यक्ती’ या शब्दात न जन्मलेलं मूल येत नाही, असं न्यायालय म्हणालं. पण ते येतं हे सिद्ध झालं असतं, तर गर्भपाताच्या हक्काची बाजू कोसळली असती, हेही त्याच निकालात नोंदवलेलं आहे. गर्भपातविरोधी चळवळीतल्या एका गटाला इथे वाट दिसली. हक्काशी भांडत बसण्यापेक्षा व्याख्याच बदलायची.

त्यांच्या हाताशी साधन होतं. तिथल्या सुमारे निम्म्या राज्यांत नागरिक सह्या गोळा करून एखादा प्रस्ताव मतदानाला आणू शकतात. आपल्याकडे अशी सोय नाही; गोव्याचा १९६७ चा जनमत कौल तेवढा आठवतो, पण तो विलीनीकरणाच्या एका प्रश्नापुरता होता.

कोलोरॅडोत २००८ साली असा प्रस्ताव आला आणि सुमारे ७३ टक्के मतदारांनी तो फेटाळला. २०१० मध्ये शब्द बदलून पुन्हा आला. सुमारे ७१ टक्के विरोधात गेले. २०१४ मध्ये तिसऱ्यांदा आला, तेव्हा त्यामागे एक खरं दुःख होतं. दारूच्या नशेतल्या चालकाच्या धडकेत आठ महिन्यांच्या गरोदर बाईचं बाळ गेलं होतं. त्या बाळासाठी न्याय मागणाऱ्या आईला कोण चूक म्हणेल? तरीही सुमारे ६५ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं.

कोलोरॅडोचं एकवेळ समजू शकतं. मिसिसिपीचं काय? हे अत्यंत धार्मिक आणि गर्भपाताला कडवा विरोध असलेलं राज्य. तिथे ८ नोव्हेंबर २०११ रोजी मतदान झालं. गव्हर्नरपदाच्या दोन्ही प्रमुख उमेदवारांचा प्रस्तावाला पाठिंबा होता. तरीही सुमारे ५८ टक्के लोकांनी तो नाकारला.

कारण प्रचाराच्या काळात प्रश्न निघू लागले. गर्भ नळीत राहिला, तर आईला वाचवणारा डॉक्टर एका व्यक्तीचा जीव घेतो का? गर्भपात आपोआप झाला, तर चौकशी व्हायची का? टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात अनेक बीजांचं फलन करतात, एखाद-दुसरा भ्रूण गर्भाशयात सोडतात, उरलेले गोठवून ठेवतात. ते सगळे व्यक्ती ठरले, तर उरलेल्यांचं काय करायचं? अशा उपचाराने मूल झालेल्या, एरवी गर्भपाताला विरोध करणाऱ्या बायाही विरोधात उभ्या राहिल्या. प्रस्ताव गर्भपात थांबवायला लिहिला होता, पण त्यातला शब्द त्यांच्या घरात शिरत होता.

ही भीती पोकळ नव्हती. अलाबामात २०१८ साली न जन्मलेल्या मुलांच्या हक्कांना राज्याचा पाठिंबा सांगणारी घटनादुरुस्ती मतदारांनी मंजूर केली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रो’चा निकाल रद्द केला. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. एका रुग्णालयात कोणीतरी गोठवलेले भ्रूण हाताळले आणि ते खाली पडून नष्ट झाले. त्यांच्या पालकांना अल्पवयीन मुलाच्या मृत्यूबद्दलच्या १८७२ च्या कायद्याखाली दावा लावता येईल, असं न्यायालय म्हणालं. न्यायालयाने २०१८ च्या दुरुस्तीचाही आधार घेतला. राज्यातल्या अनेक दवाखान्यांनी उपचार थांबवले. मुलासाठी वर्षानुवर्षं धडपडणारी जोडपी अडकली. मार्चमध्ये विधिमंडळाने दवाखान्यांना संरक्षण देणारा कायदा घाईने केला. भ्रूण व्यक्ती आहे की नाही, याला मात्र त्याने हात लावला नाही.

आता आपल्याकडे पाहू. १९८० च्या दशकात मुंबईत गर्भलिंगनिदानाविरुद्ध मोहीम उभी राहिली, तेव्हा कार्यकर्त्यांपुढेही हाच पेच होता. मुलीचा गर्भ पाडणं थांबवायचं, पण १९७१ च्या कायद्याने बाईला मिळालेली सुरक्षित गर्भपाताची सोय जाऊ द्यायची नाही. म्हणून अनेक जणी ‘भ्रूणहत्या’ हा शब्द टाळत. हत्या म्हटली, की कोणाची तरी हत्या आली, आणि मग प्रत्येक गर्भपात करणारी बाई गुन्हेगार. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा केलेला कायदा आणि १९९४ चा केंद्राचा कायदा, दोन्हींनी बोट ठेवलं ते तपासणीवर आणि लिंग सांगण्यावर. गर्भ व्यक्ती आहे का, हे ठरवायची गरज त्यांना पडली नाही. या कायद्यांची अंमलबजावणी किती झाली, हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण नेम योग्य जागी होता.

सोनोग्राफी केंद्रात गेलात, तर भिंतीवरची पाटी वाचा. इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, एवढंच ती सांगते. जीव कधी सुरू होतो, यावर ती काही बोलत नाही. ते तिने बोलू नये, यासाठी कोणीतरी खूप विचार केला होता.