पळसदेवचे देऊळ आणि स्टॉकहोमचे जहाज

बारामतीहून नीरा डाव्या कालव्याच्या उसातून भिगवणकडे जाणारा रस्ता सोलापूरच्या हमरस्त्याला मिळाला, की इंदापूरच्या दिशेने डाव्या हाताला उजनीचे पाणी अधूनमधून सोबत करू लागते. ज्या वर्षी पाऊस रुसतो आणि धरण, आमच्याकडच्या बोलीत, 'मायनस'मध्ये जाते, म्हणजे मृतसाठ्यालाही हात घालण्याची पाळी येते, त्या वर्षी या पाण्यातून पळसनाथाच्या देवळाचे शिखर वर येते, मग खांब येतात, आणि शेवटी भेगाळलेला गाळ तुडवीत माणूस सभामंडपापर्यंत पायी जाऊ शकतो. भीमेवरचे हे धरण 1980 साली पुरे झाले. गाव उठले, देव नव्या गावठाणात आला, देऊळ मात्र जागच्या जागी राहिले.

2024 च्या मे महिन्याच्या अखेरीस मी तेथे गेलो. बरोबर तात्या होते. जुन्या पळसदेवात त्यांचे बालपण गेलेले. दगडी खांबांवर पाण्याच्या पातळीच्या पांढुरक्या रेघा एकीखाली एक उमटल्या होत्या, आणि एका खांबाच्या बुंध्याशी चिलापीच्या जाळ्याचा निळा तुकडा अडकून फडफडत होता. तात्या शिखराकडे बघत म्हणाले, "मास्तर, देव नेला तसं देऊळ का नाही हो नेता येत वर?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला स्वीडनपर्यंत जावे लागले.

तेथील राजघराण्याच्या नावावरून 'वासा' हे नाव मिळालेली एक युद्धनौका 10 ऑगस्ट 1628 रोजी, म्हणजे शिवजन्माला अजून दीड वर्षाचा अवकाश असताना, स्टॉकहोम बंदरातून पहिल्याच सफरीस निघाली. (घर फिरले की वासे फिरतात, येथे वासाच फिरला.) पोलंडशी युद्धात गुंतलेल्या गुस्ताव अडॉल्फ राजाला जहाज तातडीने हवे होते. ते वरून जड होते, त्यावर तोफांचे दोन मजले चढविलेले होते, आणि तळाशी नीरम म्हणून भरलेले दगड त्याचा तोल सावरण्यास पुरेसे नव्हते. बंदरात असतानाच तीस माणसांना डेकच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत धावावयास लावून त्याची परीक्षा घेतली गेली, तेव्हा तिसऱ्या धावेत ते इतके डोलू लागले की उलटेल या भयाने परीक्षाच तहकूब करावी लागली. जहाजाची रवानगी मात्र तहकूब झाली नाही. जेमतेम तेराशे मीटर अंतर काटल्यावर वाऱ्याच्या एका झोताने ते कलले, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले, आणि 64 तोफांसह ते 32 मीटर खोल तळाशी गेले. सुमारे तीस माणसे मेली. चौकशी बसली, जबान्या झाल्या, खलाशांनी बांधणीकडे आणि बांधणाऱ्यांनी राजाने मंजूर केलेल्या मापांकडे बोट दाखविले. मुख्य सुतार आदल्याच वर्षी वारला होता, आणि राजाला जाब विचारणार कोण? कोणासही शिक्षा झाली नाही. सरकारी चौकशीचा हा मासला आपल्याकडील वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे 1664 च्या सुमारास घंटेच्या आकाराच्या, आत हवा कोंडलेल्या पात्रात उभे राहून पाणबुड्यांनी त्या काळोखात पन्नासांहून अधिक तोफा काढल्या, ही त्या शतकाच्या मानाने थक्क करणारी करामत होय. तोफा विकल्या गेल्या आणि जहाज विस्मृतीत गेले. ते पुन्हा शोधले अँडर्स फ्रान्झेन या इंधनतज्ज्ञाने, आणि त्याच्या शोधाचे मूळ एका किड्यात होते. शिंपल्यांच्या कुळातला, दिसायला अळीसारखा असा एक जीव खाऱ्या समुद्रातले लाकूड काही वर्षांत पोखरून चाळण करतो. परंतु बाल्टिकचे पाणी इतके अळणी, की तेथे तो जगत नाही. तेव्हा तेथे बुडालेले लाकूड शाबूत असले पाहिजे, हा तर्क धरून फ्रान्झेन वर्षानुवर्षे दप्तरे चाळीत आणि तळ चाचपीत राहिला. अखेर 1956 मध्ये दोरीला बांधून खाली सोडलेल्या त्याच्या पोकळ, धारदार वजनात काळ्याठिक्कर ओक लाकडाची एक गुटी अडकून वर आली. खाली उतरलेल्या पेर एडविन फेल्टिंग या पाणबुड्याला डोळ्यांनी काहीच दिसत नव्हते. हाताने चाचपता चाचपता एक चौकोनी खिडकी लागली, मग दुसरी, मग वर आणखी एक रांग. दोन मजल्यांचे जहाज! दुसरे कोणते असणार?

मग पाणबुड्यांनी त्याच्या पोटाखालून चिखलात सहा बोगदे खणले, त्यांतून पोलादी दोर ओवले, अठरा टप्प्यांत ते उथळ पाण्यात आणले, छिद्रे बुजविली, आणि 24 एप्रिल 1961 रोजी 333 वर्षांनी ते पाण्याबाहेर आले. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने कथा येथे संपली. खरा खर्च आणि खरी चिंता येथून सुरू झाली. भिजून भिजून मऊ झालेले लाकूड तसेच वाळू दिले असते तर आकसून चिरफाळले असते, म्हणून त्यातल्या पाण्याची जागा पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या द्रव्याने घ्यावी, यासाठी त्यावर सतरा वर्षे त्याची फवारणी चालली. 1990 मध्ये स्वतंत्र संग्रहालय उघडले, आणि 2000 च्या पावसाळी उन्हाळ्यात लाकडावर आम्लाचे डाग उमटले: शहराच्या सांडपाण्याने सडलेल्या बंदरातून शतकानुशतके शोषलेले गंधक, जुन्या खिळ्यांच्या लोखंडाच्या संगतीने, आतल्या आत तेजाब बनू लागले होते. ज्या घाणीने जहाज राखले, तिनेच आता त्यास ग्रासले.

आपल्या किनाऱ्यास बाल्टिकचे भाग्य नाही. गोव्यात झुआरीच्या मुखाजवळील सुंची खडकावर फुटलेल्या सतराव्या शतकातील एका जहाजाचा शोध राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 1997 पासून घेतला, तेव्हा हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, तोफा आणि चिनी मातीची भांडी मिळाली; जहाजाचे लाकूड मात्र शोधूनही मिळावे कोठून?

"म्हणजे नाहीच नेता येत," तात्या म्हणाले.

नेता येते, मी म्हटले. नागार्जुनसागर भरण्यापूर्वी नागार्जुनकोंड्याचे अवशेष टेकडीवर नेऊन उभे केले, ईजिप्तने अबू सिंबेलचे देऊळ कापून वर चढविले. पण हे सारे पाणी चढण्याच्या आधी झाले. आमच्या पळसनाथाचे दुखणे त्याहून निराळे. वासा तीन शतके सतत पाण्याखाली राहिला. हे देऊळ धड पाण्यात नाही आणि धड बाहेर नाही. पातळी उतरली की उन्हात तापायचे, चढली की भिजायचे, आणि मधल्या दिवसांत लाटांनी शिखराच्या विटांमधला चुना कणाकणाने धुऊन न्यायचा. देवळाला बुडणे सोसले, पण हे वर्षावर्षाला बुडणे-निघणे सोसवत नाही, असे माझे मत आहे.

तात्यांनी हे ऐकले की नाही कोण जाणे. त्यांची नजर पलीकडच्या पाण्यावर होती. 21 मे रोजी कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळात उलटली होती आणि सहा जण गेले होते. त्या आठवड्यात इकडे दुसरा विषयच नव्हता.

"त्या जहाजातल्या माणसांचं काय झालं?" त्यांनी विचारले.

निदान पंधरा जणांच्या अस्थी मिळाल्या, मी सांगितले. नावे फारशी कळली नाहीत.

ते गाळात कललेल्या एका वीरगळाशी उकिडवे बसले, त्यावर चिकटलेला शिंपला नखाने खरवडून काढला, आणि खालचा घोडेस्वार दिसेपर्यंत ओल्या पंचाने दगड पुसत राहिले.