पतीच्या पश्चात पत्नीचा आधार

विवाहसंस्काराच्या वेळी वधूवरांनी परस्परांना दिलेले वचन मृत्यूपाशी संपते. परंतु त्या वचनातून उत्पन्न झालेली जबाबदारी मात्र मागे उरते. क्रूसावर प्राण सोडण्यापूर्वी प्रभू येशूने आपल्या मातेला प्रिय शिष्याच्या स्वाधीन केले, हे आपण दरवर्षी गुड फ्रायडेच्या उपासनेत ऐकतो. तथापि आपल्या पश्चात पत्नीची तरतूद कशी व्हावी, हा विचार पुष्कळ सुजाण गृहस्थ उद्यावर टाकीत असतात. मृत्युपत्राचा विषय काढणे अशुभ, ही समजूत ख्रिस्ती घरांतूनही अद्याप गेलेली नाही.

ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करता निवर्तला, तर त्याच्या मालमत्तेची वाटणी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ या कायद्याने होते. मुले असल्यास विधवेला एक तृतीयांश आणि सर्व मुलांना मिळून दोन तृतीयांश वाटा मिळतो. मुलगा व मुलगी यांत भेद नाही. कागदावर ही वाटणी न्याय्य दिसते. परंतु कुटुंबाचे राहते घर एकच असेल, तर त्याचा एक तृतीयांश म्हणजे कोणती खोली? सज्ञान मुलाने वाटणीचा आग्रह धरला, तर ज्या घरात आयुष्य घालविले तेच विकण्याची पाळी वृद्ध मातेवर येऊ शकते.

पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर पुनर्विवाह झालेल्या घरात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. सर्व काही दुसऱ्या पत्नीच्या नावे लिहून दिले, तर तिच्यामागे ती संपत्ती तिच्या वारसांकडे जाईल आणि पहिल्या पत्नीची मुले रिक्तहस्त राहतील. सर्व मुलांना दिले, तर पत्नी सावत्र मुलांच्या मर्जीवर राहील. अशा गृहस्थाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. याच कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मनुष्याचे पूर्वीचे मृत्युपत्र त्याच्या विवाहाने आपोआप रद्द होते. म्हणून पुनर्विवाहानंतर ते नव्याने करणे अवश्य आहे.

या पेचातून वाट काढणारी व्यवस्था म्हणजे पत्नीच्या हितासाठी केलेला खासगी न्यास, म्हणजेच ट्रस्ट. त्याचे नियम भारतीय न्यास अधिनियम, १८८२ यात आहेत. पती आपली मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवितो. विश्वस्तांनी घरभाडे, व्याज इत्यादी उत्पन्न पत्नीला तिच्या हयातीपर्यंत द्यावे, तिला राहत्या घरातून कोणी उठवू नये, आजारपणात गरज पडल्यास मुद्दलातूनही खर्च करावा आणि तिच्या पश्चात सर्व मालमत्ता मुलांना ठरल्याप्रमाणे द्यावी, असे त्यात लिहिता येते. पत्नीला आज आधार मिळतो व मुलांचा उद्याचा हक्कही बुडत नाही.

असा न्यास मृत्युपत्राद्वारे निर्माण करता येतो. तो मृत्यूनंतर अमलात येतो आणि हयातीत केव्हाही बदलता येतो. हयातीतच स्थावर मालमत्तेचा न्यास करावयाचा, तर लेख नोंदविणे सक्तीचे असून मुद्रांकशुल्काचा खर्चही येतो. मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार हवेत. जो साक्षीदार होईल त्याला किंवा त्याच्या पतीला वा पत्नीला त्या मृत्युपत्राने दिलेली देणगी निष्फळ ठरते. म्हणून ज्यांना काही द्यावयाचे आहे त्यांची सही साक्षीदार म्हणून घेऊ नये. ज्यांच्यापाशी एक लहानसे घर आणि थोडी शिल्लक एवढेच आहे, त्यांनी न्यासाचा व्याप वाढविण्याचे कारण नाही. पत्नीला घरात आजन्म राहण्याचा हक्क आणि नंतर घर मुलांचे, एवढे मृत्युपत्रात स्पष्ट लिहिले तरी पुष्कळ साधते.

आणखी एक सोपा मार्ग विवाहित स्त्रियांचा मालमत्ता अधिनियम, १८७४ याच्या सहाव्या कलमात आहे. पतीने स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरविताना तो पत्नीच्या अथवा पत्नी व मुलांच्या हितासाठी असल्याचे त्यातच नमूद केले, तर ती रक्कम त्यांच्यासाठी न्यास समजली जाते. सावकारांना फसविण्याच्या हेतूने तो विमा उतरविलेला नसेल, तर पतीच्या कर्जापायी कोणी तिला हात लावू शकत नाही. हिंदू व इतर समाजांना ही सोय १९२३ च्या दुरुस्तीने मिळाली. ख्रिस्ती स्त्रियांना ती प्रारंभापासून आहे.

गोमंतकीय वाचकांची स्थिती निराळी आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर तेथे दांपत्याची मालमत्ता सामाईक असते आणि तिचा अर्धा भाग मुळातच पत्नीचा असतो. उरलेल्या अर्ध्यातही, मुले असल्यास, पतीला मृत्युपत्राने निम्म्याचीच इच्छेनुसार व्यवस्था लावता येते. मूळ अधिवास गोव्याचा असेल, तर भारतात अन्यत्र असलेल्या मालमत्तेलाही गोव्याचाच वारसा कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे. बेळगाव किंवा हैदराबाद येथे घर घेतलेल्या गोमंतकीयांनी वकिलाचा सल्ला घेताना हे अवश्य सांगावे.

विश्वस्त निवडताना मात्र नात्यापेक्षा सचोटी पाहावी. जेरुसलेमच्या पहिल्या ख्रिस्तसभेत रोजच्या वाटपात विधवांची उपेक्षा होऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी लोकमान्य अशा सात पुरुषांवर ते काम सोपविले, हे प्रेषितांच्या कृत्यांत वर्णिलेले आहे. कायद्याचीही अपेक्षा तीच आहे: विश्वस्ताने न्यासातून स्वतःचा लाभ साधू नये. एकाऐवजी दोन-तीन विश्वस्त नेमावेत आणि त्यांतील कोणी वारल्यास त्याची जागा कोणी घ्यावी, हेही लिहून ठेवावे.

सरतेशेवटी, वकिलाकडे जाण्यापूर्वी पतिपत्नींनी एकत्र बसून आपल्यापाशी काय आहे, देणे किती आहे व कागदपत्रे कोठे आहेत, याची यादी करावी. जाणत्या मुलांनाही आपला हेतू हयातीतच समजावून सांगावा. पित्याच्या तोंडून ऐकलेली गोष्ट मुले सहसा मानतात. तीच गोष्ट त्याच्यामागे प्रथम कपाटातील कागदातून कळली, तर तिच्यातून संशय आणि दावे उत्पन्न होतात.