उपग्रहाचा संदेश मध्येच क्षीण का होतो?

हौशी रेडिओ, अर्थात हॅम रेडिओवरून उपग्रहाचा संदेश ऐकताना एक अनुभव हमखास येतो. स्पष्ट येणारा आवाज एकाएकी क्षीण होतो आणि काही सेकंदांनी पूर्ववत होतो. यंत्र बिघडलेले नसते आणि उपग्रह क्षितिजाआडही गेलेला नसतो. याचे कारण अनेकदा रेडिओ लहरींच्या ध्रुवणात, म्हणजेच पोलरायझेशनमध्ये असते.

रेडिओ लहरीतील विद्युत क्षेत्र ज्या दिशेने आंदोलन पावते, त्यावरून तिचे ध्रुवण ठरते. उभ्या अँटेनातून उभ्या ध्रुवणाची लहर निघते, तर आडव्यातून आडव्या ध्रुवणाची. ग्रहण करणारा अँटेना त्याच दिशेत असल्यास पूर्ण शक्ती मिळते. दोहोंत ४५ अंशांचा कोन असल्यास ती निम्मी होते, म्हणजे ३ डेसिबलने घटते. ९० अंशांच्या कोनात सिद्धांतानुसार काहीच मिळत नाही. प्रत्यक्षात शक्ती शंभराव्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली जाते.

अंतरामुळेही संदेश क्षीण होतो. ५०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह क्षितिजाजवळ असताना अडीच हजार किलोमीटरहून अधिक दूर असतो. अंतर पाचपट झाल्याने शक्ती पंचविसाव्या हिश्श्यावर येते. मात्र हा बदल संथ असून त्याचा अंदाज आधी बांधता येतो. ध्रुवणातील बदल तसा नसतो.

जमिनीवरील दोन केंद्रांचे अँटेने एकदा जुळवले की काम भागते. उपग्रहाची दिशा मात्र सतत बदलते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी हॅम रेडिओचालकांच्या संदेशवहनासाठी तयार केलेला, सुमारे १ किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी अवकाशात सोडण्यात आला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानुसार त्याची दिशा आपोआप ठरावी, अशी त्याची रचना होती. त्यामुळे असा उपग्रह माथ्यावरून जाताना जमिनीवरून पाहता त्याच्या अँटेनाचा कोन बदलत जातो.

दुसरे कारण आयनांबराचे आहे. त्यातील इलेक्ट्रॉन आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांमुळे लहरीचे ध्रुवण वळते. यास फॅराडे परिवलन म्हणतात. १४५ मेगाहर्ट्झच्या तुलनेत ४३५ मेगाहर्ट्झवर हा परिणाम सुमारे नवव्या हिश्श्याइतका असतो. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी याच अडचणीचा उपयोग करून घेण्याचे ठरवले. २६ सप्टेंबर २०१६ रोजी प्रक्षेपित झालेल्या त्यांच्या ‘प्रथम’ उपग्रहाचा उद्देश ध्रुवण किती वळले यावरून आयनांबरातील इलेक्ट्रॉनांचे प्रमाण मोजणे हा होता.

यावर उपाय वर्तुळाकार ध्रुवणाचा आहे. परस्परांशी काटकोनात बसवलेले दोन यागी अँटेने पाव आवर्तनाच्या फरकाने जोडले की कोणत्याही कोनातील सरळ ध्रुवणाची निम्मी शक्ती कायम मिळते. ३ डेसिबल गमावून संपर्क अखंड ठेवण्याचा हा सौदा असतो. उपग्रहाचे ध्रुवणही वर्तुळाकार असेल, तर उजवी-डावी दिशा जुळवावी लागते. मुंबई असो वा दिल्लीचे सरोजिनी नगर, गच्चीवर हाती धरलेला साधा यागी मनगटाने फिरवूनही आवाज स्पष्ट होणारा कोन सापडतो.

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमान-निकोबारचा बाहेरील जगाशी संपर्क साधण्यात हॅम रेडिओचालकांनी मोठी मदत केली होती. त्यानंतर ५ मे २००५ रोजी ‘इस्रो’ने सोडलेला ४२.५ किलोचा ‘हॅमसॅट’ २०१४ पर्यंत कार्यरत होता. कमी उंचीवरील असा उपग्रह एका फेरीत जेमतेम दहा-पंधरा मिनिटे दिसतो. आपत्तीच्या वेळी त्यातील काही सेकंदही अँटेनाच्या चुकीच्या कोनापायी वाया जाणे परवडणारे नसते.