खोलीचे भाडे थकले, आता बँक कर्ज देईल का?

मुलाला शिकायला पुण्याला ठेवला, खोली करून दिली. त्या साली कांद्याने मार दिला, चार महिन्यांचे भाडे तुंबले आणि मालकाने खोली रिकामी करून घेतली. आता बँकेच्या पायरीवर हे निघेल काय, ही धास्ती तुमच्या मनात घर करून बसते.

मंडळी, घरमालक म्हणजे बँक नव्हे. सिबिलच्या दप्तरात कर्ज देणाऱ्या संस्थाच नोंद करतात. थकलेले भाडे मालकाला तिथे चढवता येत नाही. तो कोर्टात जाऊ शकतो, ती बाब निराळी.

खरी गोम पुढेच आहे. मालकाच्या तगाद्याला कंटाळून पोरगा मोबाईलवरून दहा हजार उचलतो. आपल्याला सांगतसुद्धा नाही! हप्ते चुकले की ती नोंद त्याच्या नावावर चढते. तुम्ही जामीन असाल तर तुमच्याही. ‘थोडे भरा, मिटवून टाकू’ असे वसुलीवाला म्हणाला तरी जपा. उताऱ्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा येतो, आणि पुढची बँक नेमका तोच वाचते. जमेल तसे पुरते फेडून बेबाकी दाखला घ्या.

सिबिलसह अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीने वर्षातून एकदा उतारा फुकट द्यायचा असतो. नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे रोज १०० रुपये भरपाई मिळते.

जुन्या मालकाचे भाडे फिटले की त्याच्या सहीची पावती मागून घ्या आणि सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा.