दोन शिक्षक, चार वर्ग

धाराशिव जिल्ह्यात वाशी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत परिपाठ संपला, की लगेच ठरवावं लागतं : आज आधी कोणत्या वर्गापाशी बसायचं? पहिली ते चौथी मिळून चार वर्ग आणि शिक्षक दोन. ६० पर्यंतच्या पटाला शिक्षण हक्क कायद्यानं तेवढेच मिळतात. त्यातल्याच एकाकडे मुख्याध्यापकाचा पदभार. केंद्रप्रमुख अधूनमधून येतात. रोजचं सांगायला कुणी नाही.

एका सकाळी त्यातल्या एका सरांनी पहिलीला चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करायला बसवलं, तिसरी-चौथीला जोडीनं वाचायला दिलं आणि स्वतः दुसरीत हातच्याची बेरीज घेतली. ज्या तिघांना ती अडली, त्यांच्यापाशी ते फळा सोडून खाली बसले. टेबलाच्या खणात मोबाइल वाजत होता. 'माहिती तातडीने पाठवा' हा निरोप असणार, हे त्यांना ठाऊक होतं. तो त्यांनी मधल्या सुट्टीत बघितला, पोषण आहाराचे तांदूळ ताटामागे १०० ग्रॅम या हिशेबानं मोजून दिल्यावर.

दसऱ्याच्या सुमारास कामाचं रूप बदलतं. ऊसतोडीला टोळ्या निघायच्या आत, मुलांना गावातच ठेवा हे सांगायला दोघं शिक्षक संध्याकाळी घरोघर जातात. "लेकरू ठिवते सर, पर रात्री ताप आला तर?" आजी विचारते. "मला फोन लावा आजी, गाडी घेऊन येतो," असं सर सांगतात, तेव्हा एक नाव पटावर टिकतं. जे लेकरू जातंच, त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड देतात, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येईल.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, तेही वरून आदेश नसताना. राज्यभरच्या पुस्तकांत ते नंतर आले. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली. ते जगानं पाहिलं. वाशीतल्या सरांनी खणात ठेवलेला मोबाइल मात्र कुठल्याच अहवालात येत नाही.

कुणी न सांगता असं ठरवणं हेच नेतृत्व; त्याची प्रशिक्षणं शिक्षकांना पुष्कळ झाली. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर कामाला लावू नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं. ते पाळा आणि शाळेच्या वेळेत माहिती मागू नका. बाकीचं हे शिक्षक बघून घेतील.