इक्वलायझर चालू, तरी आवाज तसाच? लिनक्सवर घोळ नेमका कुठे होतो?

मावळात जुलैचा पाऊस सुरू झाला की पत्र्याच्या घरात लॅपटॉपवरचं लेक्चर ऐकणं अवघड होतं. सरांचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. मग कुणीतरी सुचवतं, "इक्वलायझर टाक." लिनक्सवर इझी इफेक्ट्स इन्स्टॉल होतं, पट्ट्या वर-खाली होतात, पण फरक शून्य. सॉफ्टवेअर बिघडलंय का?

बऱ्याचदा नाही. आवाज त्याच्याकडे पोहोचलेलाच नसतो.

लोणावळ्याचं उदाहरण घ्या

मुंबई-पुणे जुना हायवे लोणावळ्याच्या बाजारातून जातो. २००२ मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण सुरू झाला आणि गाड्यांना बाहेरूनच निघून जायची सोय झाली. चिक्कीचं दुकान उघडं असलं, तरी गाडी गावात वळली तरच गिऱ्हाईक मिळणार.

इक्वलायझरचंही तसंच आहे. इझी इफेक्ट्स कॉम्प्युटरमध्ये एक आभासी आउटपुट तयार करतं. ब्राउझर, व्हिडिओ प्लेयर यांचा आवाज आधी तिथे येतो, त्यात बदल होतात आणि मग तो खऱ्या स्पीकरकडे जातो. आवाज थेट स्पीकरकडे गेला, तर पट्ट्या कितीही हलवा, उपयोग नाही.

मग तपासायचं काय?

१. मूळ यंत्रणा: इझी इफेक्ट्सला पाइपवायर लागतं. फेडोराने २०२१ मध्ये, उबुंटूने २२.१० या आवृत्तीत आणि लिनक्स मिंटने २२ या आवृत्तीत आवाजासाठी पाइपवायर आणलं. त्याआधीच्या सिस्टिमवर बहुधा पल्सऑडिओ असतं. तिथे पल्सइफेक्ट्स ही जुनी आवृत्ती वापरावी लागते.

२. मीटर: गाणं लावा आणि इझी इफेक्ट्समधलं आवाजाचं मीटर बघा. ते हलत नसेल, तर आवाज बाहेरच्या रस्त्याने चाललाय. आउटपुटच्या यादीत ते ॲप चालू आहे का, सगळ्या ॲपवर प्रक्रिया करण्याचा पर्याय निवडलाय का, हे बघा.

३. डिफॉल्ट आउटपुट: इथे अनेक जण चुकतात. साउंड सेटिंगमध्ये इझी इफेक्ट्सचं आभासी आउटपुट स्वतः निवडू नका. तिथे खरा स्पीकर किंवा हेडफोनच ठेवा. आवाज वळवून घेण्याचं काम इझी इफेक्ट्स स्वतः करतं.

४. रीस्टार्ट: लाइट गेली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि इक्वलायझर गायब? लॉगिन होताच सेवा सुरू करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये चालू करा.

५. ब्लूटूथ: मीटिंगमध्ये माइक चालू केला की अनेक हेडफोन कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाज जुन्या फोनसारखा होतो. जे वरचे सूर तिथे कापले जातात, ते इक्वलायझर परत आणू शकत नाही. अशा वेळी माइक लॅपटॉपचा निवडा.

आवाज फाटतोय?

मग इक्वलायझर काम करतोय, फक्त पट्ट्या जास्त वर गेल्यात. ६ डेसिबल वाढ म्हणजे लहरीची उंची जवळपास दुप्पट. मर्यादा ओलांडली की लहरीचा माथा कापला जातो आणि आवाज खरखरतो. एखादी पट्टी ६ ने वर नेली असेल, तर इनपुटचा आवाज ६ ने खाली घ्या.

बोलणं स्पष्ट ऐकायचं असेल, तर १०० हर्ट्झच्या खालचा भाग कमी करा. लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरमधून तो तसाही धड येत नाही. मग २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्या ३-४ डेसिबलने वर घ्या. शब्द ओळखू येण्यासाठी हा भाग फार महत्त्वाचा असतो.

शेवटी इक्वलायझर एकदा बंद, एकदा चालू करून तेच लेक्चर ऐका. फरक जाणवला, तर सेटिंग प्रीसेट म्हणून सेव्ह करून ठेवा. पुढच्या पावसात पुन्हा शोधाशोध नको.