‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत!’

आमच्या मोठ्या भाभींचे अंग दुखू लागले त्याला आता सात वर्षे होतील. आधी मान, मग खांदे, कंबर, गुडघे. काही महिन्यांत न दुखणारा भागच उरला नाही. रात्री झोप लागायची, पण सकाळी सगळे अंग ठेचून काढल्यासारखे असायचे. कुणी प्रेमाने खांद्यावर हात ठेवला तरी त्या दचकायच्या. बोलता बोलता साधा शब्द आठवायचा नाही, गॅसवर दूध ठेवल्याचे विसरायच्या.

तपासण्या झाल्या. रक्त, साखर, थायरॉइड, युरिक अ‍ॅसिड, मणक्याचे एक्स-रे, पुढे एमआरआयसुद्धा. सगळे रिपोर्ट नॉर्मल. प्रत्येक वेळी घरात ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हटले जाई, आणि प्रत्येक वेळी भाभींच्या शब्दाची किंमत थोडी कमी होई. एका डॉक्टरांनी त्यांच्याकडे न बघता भाईजानना सांगितले, ‘यांना काही झालेलं नाही, जरा फिरायला घेऊन जा.’ दुसरीकडे ताकदीच्या सुया आणि सलाईन झाले. कुणी नजर म्हणाले, कुणी असर. दोन ताबीज आले, दम केलेले पाणी आले. शेजारच्या खाला तर तोंडावरच म्हणाल्या, ‘काम टालने के बहाने हैं सब.’

या रांगेत मीही होते, हे आधीच सांगून टाकते. माझी नोकरीच शंका घेण्याची आहे. चाचणीच्या दिवशी कुणाचे पोट दुखते आणि खेळाच्या तासाला ते कसे बरे होते, हे आम्हा शिक्षकांना पाठ असते. डॉक्टरांचा दाखला आणला तर खरे, नाही तर बहाणा. हाच हिशेब मी घरातही लावला. चुलत बहिणीच्या लग्नात भाभी छान जोडा घालून, मेंदी लावून सगळ्यांशी हसत-बोलत होत्या. पुढचे दोन दिवस अंथरुणात. मी चहा द्यायला गेले आणि सहज म्हणून गेले, ‘शादी में तो अच्छी भली थीं, भाभी!’

त्या काही बोलल्या नाहीत. त्यानंतर वर्षभर त्यांनी माझ्याजवळ दुखण्याचा शब्द काढला नाही. मला वाटले, बरे वाटत असेल.

शेवटी त्यांच्या भावाने त्यांना मिरजेला संधिवाताच्या डॉक्टरांकडे नेले. सोबतीला मी होते. त्यांनी आधीचे कागद बघितले, बाजूला ठेवले आणि पाऊण तास फक्त विचारत राहिले. झोप कशी होते, कुठे कुठे दुखते, किती महिन्यांपासून, पोटाचा त्रास, डोकेदुखी. मग मान, खांदा, कोपर, कंबर, गुडघा येथे अंगठ्याने दाबून पाहिले. एवढ्याशा दाबाने भाभींच्या डोळ्यांतून पाणी आले. डॉक्टर म्हणाले, ‘तुम्हाला फायब्रोमायल्जिया आहे.’ भाभींनी पहिली गोष्ट कुठली मागितली असेल? म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, हे नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. घरी दाखवायचं आहे.’

मी खाली मान घालून बसले होते.

घरी आल्यावर मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचले. वाचताना कळले की शंका घेणारे फक्त आमच्या मोहल्ल्यात नाहीत, जगातल्या मोठ्या डॉक्टरांतही हा वाद वर्षानुवर्षे चालला आहे.

१९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने या आजाराची कसोटी ठरवली. शरीरावर १८ जागा नेमल्या; त्यांपैकी निदान ११ ठिकाणी ठरावीक दाबाने दुखले आणि सर्वांगाचे दुखणे तीन महिन्यांहून जास्त असले, तर फायब्रोमायल्जिया. या कामात सर्वांत पुढे होते डॉ. फ्रेडरिक वुल्फ. पुढे याच वुल्फ यांना या निदानाविषयी शंका वाटू लागली. ताणतणाव आणि आयुष्यातल्या अडचणींना शरीराने दिलेला हा प्रतिसाद आहे, त्याला वेगळ्या रोगाचे नाव देऊन माणसांना आयुष्यभराचे रोगी कशाला बनवायचे, असा त्यांचा रोख होता. २००७ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी पहिले औषध, प्रीगॅबालिन, मंजूर झाले. कंपनीच्या जाहिराती टीव्हीवर झळकू लागल्या, तेव्हा औषध खपवण्यासाठीच हा आजार फुगवला जातोय, असेही लोक म्हणू लागले. औषध कंपन्यांचा इतिहास पाहता ही शंका अगदीच वेडगळ होती असे मी म्हणणार नाही.

गंमत अशी की २०१० मध्ये जुनी कसोटी बदलली गेली, १८ जागा दाबण्याची सक्ती गेली आणि त्याऐवजी दुखणे किती भागांत पसरले आहे, थकवा, न भागणारी झोप, विसरभोळेपणा किती आहे, हे मोजायचे ठरले. त्या लेखातही पहिले नाव वुल्फ यांचेच होते!

म्हणजे शंका होती ती आजाराला काय म्हणावे, तो कशाने होतो याची. रुग्णाला खरेच दुखते का, हा प्रश्न वेगळा. हे दोन प्रश्न आपण एकात मिसळतो आणि घरातल्या बाईला खोटे पाडतो.

दुसऱ्या प्रश्नावर २००२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसे घेतली. प्रत्येकाचे अंगठ्याचे नख यंत्राने दाबले आणि त्याच वेळी मेंदूचे स्कॅनिंग केले. रुग्णांना बऱ्याच कमी दाबाला तेवढे दुखले, जेवढे निरोगी माणसाला जास्त दाबाला दुखते; आणि मेंदूत वेदनेशी संबंधित भाग दोघांतही सारखेच जागे झाले. निरोगी माणसाला तेवढाच कमी दाब दिला, तर त्याच्या मेंदूत फारशी हालचाल झाली नाही. मी आठवीच्या मुलींना हे असे समजावते: रेडिओवर स्टेशन तेच आहे, पण आवाजाचे बटण कुणीतरी शेवटपर्यंत फिरवून ठेवले आहे. एक्स-रे हाड दाखवतो, हे बटण दाखवत नाही.

२०२१ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. लंडनचे किंग्ज कॉलेज, लिव्हरपूल विद्यापीठ आणि स्वीडनची कॅरोलिन्स्का संस्था यांच्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातील अँटिबॉडीज, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, उंदरांना टोचली. उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त हळवे झाले, त्यांच्या पंजाची पकड ढिली पडली. निरोगी माणसांच्या अँटिबॉडीज टोचलेल्या उंदरांना असे काही झाले नाही. काही आठवड्यांनी अँटिबॉडीज निघून गेल्या, तसे उंदीर पूर्ववत झाले. उंदराला ना सासू असते ना कामाचा कंटाळा. अर्थात एवढ्यावरून सगळ्या रुग्णांचे कारण सापडले असे होत नाही. आजही यासाठी एकच अशी रक्त तपासणी नाही. म्हणून तर डॉक्टर थायरॉइड, आमवात यांसारखे दुसरे आजार नाहीत ना, हे आधी पाहतात.

‘शहरातल्या रिकाम्या बायकांचा आजार’ असेही म्हणतात. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये भिगवणला घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी सुरू केली. कष्टकरी खेड्यातसुद्धा सांध्यांच्या नावाजलेल्या रोगांत न बसणारी दुखणी पुष्कळ निघाली. ती सगळी फायब्रोमायल्जिया नव्हेत. पण अंग दुखायला रिकामपण लागत नाही, एवढे तरी कळते.

उपचाराचे थोडक्यात सांगते, कारण ते डॉक्टरांचे काम आहे. या आजाराने सांधे वाकडे होत नाहीत, जीव जात नाही. साध्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही, ताकदीच्या सुयांचा तर नाहीच. झोप सुधारणारी आणि वेदनेची तीव्रता कमी करणारी औषधे काहींना लागू पडतात. युरोपातील संधिवाततज्ज्ञांनी २०१७ मध्ये ठाम शिफारस एकाच गोष्टीची केली: व्यायाम, तोही अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवत. त्या पहिल्या डॉक्टरांनी फिरायला सांगितले होते ते चूक नव्हतेच. ‘काही झालेलं नाही’ म्हणून सांगितले, ते चूक होते.

एक गोष्ट आपल्या घरांतली. भाभी खुर्चीवर बसून नमाज पढू लागल्या, तेव्हा मोहल्ल्यातल्या बायकांत कुजबुज झाली. पाय प्लास्टरमध्ये असता तर याच बायकांनी स्वतः खुर्ची आणून दिली असती. आजारी माणसाला बसून, तेही जमत नसेल तर पडून नमाजची सवलत आहे. सुटलेले रोजे नंतर पुरे करता येतात. ही सवलत देताना आजार दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसला पाहिजे, अशी अट कुठे घातलेली नाही. यंदाच्या रमजानपूर्वी भाभींनी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना आणि रोज्यांचे मसले मौलाना साहेबांना विचारून घेतले. जमले तेवढे रोजे ठेवले. बाकीचे थंडीच्या लहान दिवसांत एक-एक करून ठेवणार आहेत.

सेहरीला आता मी उठते. स्वयंपाकघरात ओट्याजवळ एक उंच स्टूल आले आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेला तो कागद अम्मींनी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या स्वतःच काढून दाखवतात. नाव त्यांना अजून म्हणता येत नाही. ‘फाइबर का दर्द’ म्हणतात.

अस्रनंतर भाभी आणि मी तळ्यापर्यंत चालायला जातो. सुरुवातीला गल्लीच्या टोकापर्यंत पाच मिनिटे, आता वीस मिनिटे होतात. परवा मशिदीच्या कोपऱ्यावरच त्या थांबल्या. म्हणाल्या, ‘आज नहीं होता.’ आम्ही तिथूनच परत फिरलो.